खऱ्या जागा, खोट्या जागा

सुई टोचण्याआधी डॉक्टर नाटेकर शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत वर सारायचे आणि आपला हात रुग्णापुढे धरायचे. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक काळसर ठिपके. "पळे, सगळ्यो सुयो पयलीं हांवें म्हाकाच टोंचून घेतल्यात. अजून जितो आसां," असं ते म्हणायचे. समोरचा माणूस हसायचा, आणि तो हसत असतानाच पहिली सुई कातडीत शिरलेली असायची.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती उजवा खांदा घेऊन. डिचोलीच्या उच्च माध्यमिक विद्यालयात मी गणित आणि संख्याशास्त्र शिकवत असे. फळ्यावर लिहून लिहून खांदा इतका आखडला होता की वेणी घालायलाही हात वर जाईना. मलाही त्यांनी हात दाखवला. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, मला हसू आलं नाही. मी विचारलं, "सुईने दुखणं का थांबतं?" डॉक्टरांनी सुई हातात तशीच धरली आणि म्हणाले, "टीचर, थांबतं हें हांवें पळयलां. कित्याक थांबतं तें चिन्यांक खबर आसत. म्हाका ना." खांदा दोन-तीन आठवड्यांत मोकळा झाला. त्या उत्तरावर मात्र मी पुढे कितीतरी दिवस विचार करत राहिले. माहीत नाही, असं सरळ सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता.

ते मूळचे पेडणे तालुक्यातल्या तुयें गावचे. रीतसर डॉक्टरकी शिकलेले. डिचोलीच्या बाजारामागे एका जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता आणि बाहेरच्या बलकांवावर, म्हणजे दगडी बाकांच्या ओसरीवर, रुग्ण बसायचे. मध्यंतरी काही महिने ते कोलंबोला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. येताना सुयांची एक पेटी आणि माणसाच्या शरीरावर रेघा-ठिपके काढलेला एक मोठा तक्ता घेऊन आले. तेव्हापासून सगळा तालुका त्यांना 'चिनी डॉक्टर' म्हणू लागला. त्यांच्या पत्नी शालिनीवहिनींना या नावाची फार गंमत वाटायची. "हे कोलंबोक गेल्ले," त्या मला सांगायच्या, "चीन हांणी नकाशांतूय सारको पळोवंक ना."

वहिनींशी माझी मैत्री तिथल्या बलकांवावरच जुळली. त्या पेडण्याच्या व्यापारी घरातल्या, वाचनाच्या नादी, जिभेने तिखट. नवऱ्याच्या समोरच नवऱ्याची थट्टा करायच्या आणि डॉक्टर ती मान खाली घालून ऐकून घ्यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी जाता-येता थांबायचे, चहा व्हायचा, बेकरीतला कडक उंडो पाव चहात बुडवून खात आम्ही तिघं बोलत बसायचो.

डॉक्टरांचे बरेचसे रुग्ण सुर्ल्याच्या खाणीवर माती वाहणारे ट्रक ड्रायव्हर असत. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दिवसभर खेपा करून त्यांच्या कंबरा मोडलेल्या असत. अंगावरची लाल धूळ दवाखान्याच्या चादरींना लागे. त्यातला बाबल मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. बांद्याकडचा, तिशीच्या आतबाहेरचा, उंच. पहिल्यांदा त्याला दोघांनी धरून आणलं होतं. सुया काढल्यावर तो स्वतःच्या पायांनी बलकांवावर आला, वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. "डॉक्टर, माका वाकाक येता," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा परत परत वाकून दाखवू लागला. पुढे बाबलनेच सुर्ल्याचे निम्मे ड्रायव्हर डॉक्टरांकडे आणले.

बाबलचं दुखणं परत यायचं. तोही परत यायचा, सुया घ्यायचा, बरं वाटून जायचा. असं बरेच महिने चाललं. मग एका सकाळी त्याला उठताच येईना. पाय बधिर झाले होते. बांबोळीच्या इस्पितळात फोटो काढला तेव्हा कळलं, की पाठीच्या कण्याला क्षय झाला होता आणि मणका आतून पोखरत गेला होता. औषधांनी क्षय आटोक्यात आला, जीव वाचला, पण पाय आले नाहीत. त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला.

डॉक्टर त्याला भेटायला बांद्याला गेले, तेव्हा शालिनीवहिनी आणि मीही बरोबर होतो. बाबल पडवीत खाटेवर होता. डॉक्टर त्याच्यापाशी बसले आणि सरळ म्हणाले, "बाबल, म्हजी चूक. तुज्या पाठीचो फोटो हांवें पयलींच काडपाक जाय आसलो. सुयांनी तुजें दुखणें धांपून दवरलें आनी तें भितर वाडत गेलें."

बाबलने त्यांचा हात धरला. "तुमचो काय दोष नाय, डॉक्टर. तुमच्या सुयांनी माका बरा वाटला, तां काय खोटा नाय."

त्याने रागाने चार शब्द बोलून घेतले असते तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं. डिचोलीला उतरल्यावर, वहिनी पुढे चालू लागल्यावर, त्यांनी मला थांबवलं. "टीचर, तूं संख्याशास्त्र शिकयता न्हय? सुयेन बरें दिसता तें सुयेच्या जाग्यामुळें, काय आनी कशामुळें, हें सोदून काडूंक येता?"

मी म्हटलं, "येईल. पण उत्तर तुम्हाला आवडेलच असं नाही."

"आवडूंक जाय म्हणून हांवें विचारूंक ना," ते म्हणाले.

पावसाळा संपला, खाणी सुरू झाल्या आणि आमचं कामही सुरू झालं. कंबर दुखते म्हणून येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीचा फोटो आधी काढायचा, हा डॉक्टरांचा पहिला नियम. मग ते त्याला समजावून सांगायचे: काहींना तक्त्यावरच्या खऱ्या जागी सुया टोचणार, काहींना मुद्दाम चुकीच्या जागी, बोटभर बाजूला, अगदी वरवर. कोणाला काय, ते सांगणार नाही. पटत असेल तर थांब, नाहीतर नेहमीची गोळी-मलम देतो. बहुतेक जण थांबायचे. खरी की खोटी, हे दवाखान्यातली परिचारिका आत नाणं उडवून ठरवायची. नाणं डॉक्टरांनी उडवायचं नाही, हा माझा हट्ट होता. आपल्याला आवडलेल्या रुग्णासाठी माणसाचा हात नकळत पुन्हा एकदा नाणं उडवतो. मी बाहेर बलकांवावर बसायचे. आत काय झालं ते मला माहीत नसायचं. मी फक्त विचारायचे, "सकाळी सोळा आणे दुखत होतं असं धरलं, तर आता किती आणे उरलं?" ड्रायव्हर डोळे मिटून, कंबर हलवून, अगदी प्रामाणिकपणे हिशेब करायचे. कोणी म्हणायचा "आठ", कोणी "चार, पण वाकलंय तर सा."

शालिनीवहिनी आतून हे ऐकत असायच्या. "दुखणें आतां बाजारांत विकपाक काडलां हांणी," असं त्या म्हणायच्या. पण सगळ्यांना पाणी-चहा नेऊन द्यायच्या त्याच.

मे महिन्यात, आंब्यांच्या दिवसांत, मी सगळे आकडे मांडले. खऱ्या जागी सुया घेतलेल्यांना बरं वाटलं होतं, चांगलंच बरं वाटलं होतं. आणि खोट्या जागी घेतलेल्यांनाही अगदी तितकंच. मी पुन्हा करून पाहिलं, वेगळ्या रीतीने करून पाहिलं, काही फरक निघाला नाही. मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते तक्त्यापुढे उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"परत एकदां कर," ते म्हणाले.

"तीनदा केलं, डॉक्टर."

"मागीर इतकीं वर्सां हांव हो तक्तो पाठ करतालों, तें कित्याक?" ते कोणाला उद्देशून बोलले, मला कळलं नाही. त्यांनी तक्ता उतरवला, गुंडाळला, कपाटावर ठेवला. सुयांची पेटीही तिथेच गेली.

त्यांनी हे सगळं नीट लिहून ॲक्युपंक्चरवाल्यांच्या एका नियतकालिकाकडे पाठवलं. लेख परत आला. तुम्ही खोट्या म्हणता त्या जागाही प्रत्यक्षात थोड्याफार खऱ्याच असाव्यात, असं कोणीतरी त्याबरोबर कळवलं होतं. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "तेंय आसूं येता," ते मला म्हणाले. "पूण आंगभर सगळेच जागे खरे जाल्यार मागीर पुस्तक कित्याक जाय?"

ड्रायव्हरांना मात्र त्यांचं म्हणणं पटेना. ते येतच राहिले. एक जण तर म्हणाला, "डॉक्टर, माका खोट्यो टोचा. माझी काय्येक तक्रार नाय." डॉक्टर नाही म्हणायचे. "जो मेरेन म्हाका खबर नासलें, तो मेरेन हांव तुका फटयनासलों. आतां फटयतलों." माहीत असताना फसवणं त्यांना जमणार नव्हतं. हळूहळू बलकांव रिकामा पडू लागला. म्हापशाला एकाने मोठी पाटी लावून सुयांचा दवाखाना उघडला होता, लोक तिकडे जाऊ लागले. डॉक्टर ताप-खोकला बघत बसायचे.

या काळात त्यांच्याकडे पाहवत नसे. ते काही चुकीचं वागत नव्हते, पण आपल्याच हाताने आपलं काहीतरी मोडून ठेवलेल्या माणसासारखे दिसायचे. एकदा चहा पिताना वहिनींनीच विषय काढला. "तुमी दोगांय शाणीं," त्या म्हणाल्या, "पूण एक गजाल मेजूंक विसरल्यांत. सुय खरी आसूं फट आसूं, हो मनीस लागीं बसतालो, उलयतालो, पाठीक हात लायतालो. घरा त्या ड्रायव्हरांचे पाठीक कोण हात लायता?"

डॉक्टरांच्या हातातला कप तसाच राहिला. आम्हाला एक तिसरा गट करायला हवा होता: सुईच नाही, नुसतं जवळ बसणं. मी चार वर्षं मुलांना हेच शिकवत होते आणि मला ते सुचलं नव्हतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जीव आला. "येत्या हंगामाक करूया," ते म्हणाले. "शालन, तूं कॉलेजींत गेल्ली जाल्यार म्हजी गरज पडची नासली."

तो हंगाम आला नाही. पावसातच वहिनींचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांनी एक दिवसही वाया घालवला नाही. बाबलनंतर ते कुठलंही दुखणं तपासल्याशिवाय सोडत नसत. तपासण्या झाल्या. गाठ होती, आणि ती आधीच सगळीकडे पसरली होती. बांबोळीच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. वहिनींना घरी आणलं तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मंदा, हे कांय सांगिनात. तूं सांग. आंकडे तुका कळटात." मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खिडकी उघडायला लावली.

दिवाळीनंतर दुखणं कण्यात उतरलं. तोंडाने घ्यायच्या गोळ्या पुऱ्या पडेनात. मॉर्फिन मिळवणं त्या काळात महाकठीण होतं. परवान्यासाठी डॉक्टरांनी पणजीला खेटे घातले. थोडंफार औषध ते कुठून कुठून मिळवायचे. त्यात भाषेचं आंदोलन पेटलं. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आमच्या गावात जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले होते. दवाखान्यात वाद निघाला की डॉक्टर म्हणायचे, "झगडें भायर. हांगा फकत दुखण्याची भास." आणि एके दिवशी रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या थांबल्या. पणजीहून यायचं औषध अडकलं. डॉक्टर मोटारसायकल घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले.

त्या दुपारी मी तिथे होते. वहिनी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. ओठ चावून चावून सुजले होते. डॉक्टर आत आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "म्हाका सुयो टोंचात."

डॉक्टर दारातच थांबले. "शालन, म्हाका जें खबर आसा तें तुकाय खबर आसा."

"आसा. म्हूण दुखचें थांबना."

"तांकां बरें दिसतालें, कारण तांकां खबर नासलें."

"आनी म्हाका खबर आसा म्हणून म्हाका बरें दिसूंक नजो?" त्या थांबल्या, कळ ओसरू दिली. मग त्यांचा तो तिखट आवाज, अगदी बारीक झालेला, परत आला. "तुमी फकत तें तोंड तशें करूं नाकात. इतलेंच करात."

डॉक्टर बाहेर गेले. कपाटावरून पेटी काढल्याचा आवाज आला. मग स्टोव्हचा, सुया उकळत असल्याचा. ते परत आले तेव्हा त्यांनी बाही वर केली नाही, हात दाखवला नाही. खुर्ची पलंगाला लावून बसले आणि मला म्हणाले, "टीचर, तूं भायर बस." मी बलकांवावर जाऊन बसले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने डॉक्टर दारात आले आणि म्हणाले, "न्हिदली." वहिनींना झोप लागली होती.

किती आणे उरलं, हे त्या दिवशी विचारणार कोण.

त्यानंतर ते रोज सुया टोचायचे. औषध असलं तरी, नसलं तरी. कधी उपयोग व्हायचा, कधी अजिबात नाही. उपयोग झाला नाही त्या दिवशीही ते खुर्चीवरून उठायचे नाहीत. दवाखाना त्यांनी जवळजवळ बंदच केला होता. वहिनींच्या अंगात आता सुई धरून राहील इतकं मांसही उरलं नव्हतं. एकदा मी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हे आतां म्हजेकडेन सगळें उलयतात. लग्नाक इतकीं वर्सां जालीं, पूण ल्हानपणांत आवयक कशे भियेताले, तें म्हाका आतां सांगलें."

मे अखेरीला गोवा राज्य झालं. डिचोलीच्या बाजारात पताका लागल्या, बॅंड वाजला, फटाके उडाले. वहिनींनी डोळे न उघडता विचारलं, "कसलो आवाज?" डॉक्टर म्हणाले, "आमी राज्य जालीं." "बरें जालें," त्या म्हणाल्या. पाऊस सुरू व्हायच्या आत त्या गेल्या.

डॉक्टरांनी पाठीमागचे विधी शांतपणे केले. मग एक दिवस दवाखान्याची पाटी उतरवली. तुयेंला औद्योगिक वसाहत होती, तिथल्या कामगारांना बघण्यासाठी डॉक्टर हवा होता. ते गावी परत जाणार होते. मी त्यांना त्या तिसऱ्या गटाबद्दल विचारलं. अजूनही करता येईल, असं म्हटलं. "कोणेंय करचें," ते म्हणाले. "सवाल बरो आसा. पूण ताची जाप म्हज्या हातांतल्यान येवची ना, टीचर. हांव आतां एके वटेन जालां." कोणाच्या तरी बाजूचा झालेल्या माणसाने मोजमाप करू नये, हे त्यांनी माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं.

तुयेंला ते नऊ-दहा वर्षं राहिले. तिकडे त्यांनी सुयांना हात लावला नाही, पण पोटाच्या, हाडांच्या गाठींचे रुग्ण ज्यांना इस्पितळांनी घरी पाठवलेलं असायचं, त्यांच्याकडे मॉर्फिन घेऊन गावोगाव जायचे. परवाना त्यांनी मिळवलाच, वहिनी गेल्यानंतर. मला पत्र क्वचित यायचं. मग एका पावसाळ्यात पेडण्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन शाळेत आला, काका गेले म्हणून. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. मांडवात बसलेल्या बायकांपैकी प्रत्येकीच्या घरचं कोणी ना कोणी शेवटच्या दिवसांत त्यांच्या हातून औषध घेऊन गेलेलं होतं.

त्यांची आठवण झाली की मला मात्र ते डिचोली सोडून गेले तो दिवस आठवतो. सामान आधीच टेंपोने गेलं होतं. ते बसने जाणार होते आणि मी स्टँडवर सोडायला गेले होते. म्हापशाची बस लागलेली होती, सुटायला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. एक प्रश्न माझ्या मनात महिनोन्‌महिने होता. विचारावा की नाही, हे ठरत नव्हतं. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, वहिनींना तुम्ही कुठे टोचत होता? खऱ्या जागी, की खोट्या?"

ते रागावतील असं वाटलं. पण ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

"पयल्या दिसा पुस्तकांतलो जागो सोदूंक गेलों," ते म्हणाले. "तिणें म्हजें बोट धरलें आनी दुखतालें थंय व्हरून दवरलें. 'हांगा' म्हणलें. मागीर सदांच ती दाखयताली आनी हांव थंय टोंचतालों."

कंडक्टरने हाक दिली. डॉक्टर उठले. मी विचारलं, "त्या जागा तक्त्यावर आहेत?"

"पळोवंक ना," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून बसमध्ये चढले.